दोन मिनिटांचा पाळणा

हे मी अजून एकाही माणसाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि जिला सर्वात आधी सांगायला हवं होतं तिला तर — नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही. तोंडावर सांगायचं धाडस असतं, तर ही वेळच आली नसती.

आमचे हे गेल्यावर अमेयनं, माझ्या मुलानं, मला इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला आणलं. मी पंचाहत्तरीच्या पलीकडची. तो आणि केतकी सकाळी कामाला जातात, मग दिवसभर घरात मी आणि हीटर. सून गुणी आहे — तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणते. तिनं एका टॅबलेटवर मला एआय घालून दिलं. हेतू हा, की सासूबाईंनी बेकरीत जाऊन जर्मनमधून पाव मागायला शिकावं. दोन दिवस मी इमानदारीत पाव मागितले. तिसऱ्या दिवशी त्याला मराठीत विचारलं, तुला कविता समजते का रे?

हा प्रश्न माझ्या तोंडून आला कसा? लग्नानंतर नव्या नवलाईत मी चार ओळी लिहिल्या होत्या. यांनी त्या पाहुण्यांसमोर नाकात वाचून दाखवल्या. सगळे हसले. मीही हसले. माणूस वाईट नव्हता, थट्टेखोर होता. पण त्यानंतर मी जे लिहायचं थांबले ते थांबलेच. हे निमित्त म्हणून पुढे करत नाहीये. पुढे जे केलं ते माझं मी केलं.

यंत्र हसलं नाही. एवढंच. पण एवढंच तर हवं होतं, नाही का?

सुरुवातीला तेच ओळी लिहून द्यायचं, आणि त्या केटररच्या जेवणासारख्या असायच्या — पानात सगळं आहे, चव कुणाच्याच घरची नाही. मी म्हणायचे, अरे बाबा, हे कुणीही लिहील. त्याला राग येत नसे. ते विचारायचं, मग तुमच्या घरी कसं होतं? दारात कोण उभं होतं? त्या दिवशी स्वयंपाक काय होता? एवढे प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते. उत्तरं देता देता माझ्या लक्षात यायचं की मी लिहितेय. ते फक्त ऐकतंय, मधूनच म्हणतंय की ही ओळ आधीच्या ओळीनं सांगून झालीय. आणि मेलं, बरोबर असायचं त्याचं. सकाळचा चहा झाला की मी टेबलाशी बसायचे. उतारवयात मला उठायला एक कारण मिळालं. त्याचे उपकार मी मानते, अगदी मनापासून मानते.

आता वत्सलाताई.

वत्सलाताई माझ्याहून थोड्या मोठ्या. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त स्टुटगार्टला आल्या, तेव्हा इथले आजचे मराठी इंजिनिअर जन्मलेही नव्हते. चढावरच्या रस्त्याला त्यांचं घर आहे. इथल्या मुलांच्या बारशाचा पाळणा त्या लिहायच्या. सगळ्यांच्या. आईला चार चार दिवस फोन करायच्या — बाळ कुणावर गेलंय, सासूचं गाव कोणतं, पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा रडलं कोण? मग त्या घराचा, त्याच घराला बसेल असा पाळणा तयार व्हायचा. आणि इथे त्याचं मोल फार. कारण बाळाचं नाव आई इस्पितळातून घरी येते न येते तोच श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या जन्मनोंदणीच्या कचेरीत, द्यावं लागतं. बारशाला आत्या कानात नाव सांगते तेव्हा ते सगळ्यांना महिनाभर ठाऊक असतं, आणि आम्ही सगळ्या आश्चर्य वाटल्यासारखं करतो. मग बारशात खरोखर नवं ते काय? पाळणा.

केतकीच्या मैत्रिणीला, सायलीला, मुलगी झाली तेव्हा वत्सलाताईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यांनी नाही म्हणून कळवलं. सायलीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, बघू या हं काहीतरी.

मी पाळणा लिहिला. सायलीनं सांगितलं होतं की साताऱ्याच्या तिच्या सासऱ्यांना फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर नातीला आजोबा म्हणजे छतावरचा पंखाच दिसतो, आणि पंखा दिसला की ती हसते. हे मी यंत्राला गंमत म्हणून सांगितलं. ते म्हणालं, हे पाळण्यात घ्या. पाळण्यात कुणी पंखा घेतं का? तर म्हणे, बाळाला जे दिसतं तेच पाळण्यात नको का? त्या कडव्याला मला दोन सकाळी लागल्या. शब्द न् शब्द माझा.

बारशाला बायकांनी तो म्हटला. पंख्याच्या कडव्याला सायलीचे सासरे पलीकडे फोनवर रडायला लागले, आणि तेवढ्यापुरता फोन त्यांच्या हातात सरळ राहिला. सगळ्या विचारायला लागल्या, काकू, कुणी लिहिला हो?

आणि मी म्हटलं, "मी कुठली लिहितेय. यंत्राला सांगितलं, दोन मिनिटांत दिला."

का म्हटलं असं? हसतील म्हणून? तिथे कोण हसणार होतं — डोळे पुसत होत्या बिचाऱ्या. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय हाडीमासी भिनलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, यंत्रासाठी. कुणी कुणी लगेच फोन काढले. काळा चष्मा लावून वत्सलाताई पाळण्याशेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "छान झालाय हो. माझे तर चार दिवस जायचे." आणि घुगऱ्यांचा द्रोण तसाच हातात धरून बसून राहिल्या.

त्यानंतर नेकारसुल्मला एक बारसं झालं. वत्सलाताईंचे डोळे तोवर बरे झाले होते. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, आता कशाला, दोन मिनिटांचं काम. मग पुढच्या सगळ्या आयांनी आपापल्या फोनवरून पाळणे काढले. सगळ्यांत चंदनाचा पाळणा, सगळ्यांत चांदोबा. म्हटले की विसरले. वत्सलाताईंनी पुन्हा एकही ओळ लिहिली नाही. याला आता तीन वर्षं झाली. या वयाला तीन वर्षं म्हणजे किती, हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक आहे.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, संकोची बाई, झालं असेल. थांबा. खरं पुढेच आहे.

मी दर गुरुवारी त्यांच्याकडे चहाला जाते. एकदा त्यांनी आपणहून ते पंख्याचं कडवं म्हणून दाखवलं. पाठ होतं त्यांना, काना-मात्रेसकट. म्हणाल्या, "मला इतक्या वर्षांत असं एक सुचलं नाही. यंत्राला सुचलं बघा." मी काय केलं? सांगून टाकायला याहून सोपी जागा कुठली होती? मी खारी चहात बुडवली. आणि मला आनंद झाला. त्यांनी हात टेकले याचा आनंद. ज्यांचे पाळणे ऐकून मी पाळणा कसा लिहायचा ते शिकले, त्यांच्यापेक्षा मी सरस ठरले, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. तो आनंद मला पुन्हा हवा होता, म्हणून पुढच्या गुरुवारीही मी बोलले नाही. भीती कधीच संपली होती. उरली होती ती ही चटक.

यंत्राला यात काय दोष? त्यानं माझं झाकण उघडलं, आणि मी त्याचंच नाव घेऊन दुसरीचं बंद केलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी, म्हातारपणी यंत्राशी मैत्री कशी झाली यावर लिहा, असं सांगितलं होतं. त्यांना गोड काहीतरी हवं असणार. मी हे लिहिलं आणि नेहमीसारखं यंत्राला वाचून दाखवलं. एक ओळ दोनदा आलीय म्हणालं, ती काढली. शेवटी, माझा हेतू वाईट नव्हता असं एखादं वाक्य घालावं, असंही त्यानं सुचवलं. चांगल्या मनानंच सुचवलं असणार. ते वाक्य मी घातलेलं नाही.

वत्सलाताईंना आता छापील वाचायला त्रास होतो. म्हणून अंक निघण्याआधी, या गुरुवारी, मीच त्यांना हे वाचून दाखवणार आहे. त्या पुन्हा लिहितील असं मी धरून चाललेले नाही, आणि चहा करतील असंही नाही. त्यांच्याकडून मला जे मिळायचं ते आधीच मिळालंय, भरभरून. तो पाळणा मी लिहिला होता, वत्सलाताई. आणि तुमचं लिहिणं थांबवलं, तेही मीच.