पाण्यातले घर

माझ्या नव्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब देविदास मास्तरांनी पहिल्याच दिवशी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "सावली काळी नसते, बाई. नीट पाहा, जांभळी हाये." मी पाहिले. लग्न होऊन आसेगावात आल्यापासून रोज दिसणाऱ्या बाभळीची सावली खरोखरच जांभळी होती.

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशातल्या संग्रहालयांतली इम्प्रेशनिस्टांची चित्रे मला फोनवर पाठवता. तुमची आजी ती रीत शिकली ती शाळेतून निवृत्त झालेल्या या चित्रकला शिक्षकांकडून, धरणाच्या तलावाकाठी. रंग घोटत बसायचा नाही. डोळे बारीक करून पाहायचे, शेजारी शेजारी छोटे फटकारे ठेवायचे आणि ऊन उतरायच्या आत उठायचे. मी आधी पेन्सिलीने रेघा आखू लागले की मास्तर चिडत. "पटवाऱ्याचा नकाशा हाये का हा? पानी काय तुमच्यासाठी थांबून राह्यलं?"

त्यांचे गाव त्याच तलावाखाली होते. धरण झाले तेव्हा सगळी वस्ती नव्या जागी आली. त्यांची आई मात्र निघायच्या आदल्या दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या गेली. जन्मभर चित्रे काढणाऱ्या या माणसाने ते घर कधी काढले नव्हते. फोटोही नव्हता. आता नजर मंदावत चालली होती आणि उन्हातली ती भिंत कशी दिसायची, ते त्यांना आठवेना. रोज ते पाण्यात घराचे प्रतिबिंब रंगवायला घेत आणि चाकूने खरवडून टाकत.

"असं कसं, मास्तर?" मी एकदा विचारले. "काठावर काही नाही आणि पाण्यात घर?"

"वर नाही म्हणून तं खाली पाहून राह्यलो ना!"

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "मले आता नुसता उजेड दिसते. तुमी लावा. दिसन ते लावा."

वारा पडला होता. डोळे बारीक करून मी पाण्याकडे पाहत रंग ठेवत गेले. पिवळा, त्यात थोडा गेरू, खाली निळसर. थांबले तेव्हा कॅनव्हासवर एक उलटी भिंत होती, दार होते आणि दाराशेजारी एक कोनाडा. मी पुन्हा तलावाकडे पाहिले. नुसते पाणी होते.

मास्तरांनी कॅनव्हास अगदी नाकाशी नेला. मग हलकेच विचारले, "कोनाडा तुमाले कोनं सांगतला?"

"कोणीच नाही."

"माय तिथं दिवा ठेवे." एवढेच म्हणून ते ओला कॅनव्हास छातीशी धरून चालू लागले. सदऱ्याला रंग लागत होता, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

त्यानंतर ते तलावावर आले नाहीत. थंडी सरता सरता गेले. मी घरी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या रिकाम्या खाटेसमोर ते चित्र उलटे टांगलेले दिसले. आकाश खाली, पाणी वर. वाकडेतिकडे मला खपत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. सरळ करायला मी हात लावला.

त्यांची सून चटकन पुढे आली.

"राहू द्या, काकू. सुलटं केलं का बाबाचं घर बुडते."