काउचखालची दृष्ट

“स्लॅब काढ आणि परत लाव,” मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या. मी पुन्हा सगळ्या काढायला लागलो. नववीत शाळा सोडून परभणीकडून हैदराबादला आलेला माणूस मी, इथल्या कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशन विभागाचा हेल्पर. मॅडम इथल्या फिजिसिस्ट. त्यांनीच शब्द टाकून मला नोकरीला चिकटवलं. आता माझ्याच हातून त्यांचं काम बिघडलं की काय?

काम असं असतं. किरण कुठून आणि किती द्यायचे, ते मॅडम कॉम्प्युटरवर ठरवतात. तिथे लटके किरण सोडून कुठे किती डोस पडेल ते काढतात. पण त्या भरवशावर थेट माणसाला झोपवत नाहीत. आधी मशीनच्या काउचवर, म्हणजे पेशंट झोपतो त्या फळीवर, प्लास्टिकच्या जाड स्लॅब रचायच्या. ह्या स्लॅब किरणांना अंगासारखंच अडवतात. मधल्या भोकात बोटाएवढा चेंबर, म्हणजे किरण मोजायची नळी, सरकवायचा आणि खरे किरण सोडून मोजायचं. कॉम्प्युटरचा आकडा आणि चेंबरचा आकडा जुळला, तरच पेशंट आत.

जुळत नव्हता. चेंबर कमी दाखवत होता.

बाहेर नरसम्मा बसली होती, वरंगलकडची. घशाचा कॅन्सर. मशीन बंद पडल्यामुळे तिची सुरुवात आधीच लांबलेली. मी पाणी आणायला बाहेर गेलो, तर तिचा मुलगा म्हणाला, “आज हो जाता ना भय्या?” मी नुसतीच मान हलवली. कुठल्या बाजूला, ते मलाच माहीत नाही.

मॅडमनी केबल बदलली. खोलीचं तापमान पाहिलं. मग एकेका दिशेचे किरण वेगळे मोजले.

“वरून येणारे बरोबर आहेत. फक्त खालून येणारे कमी पडतायत. संतोष, खाली वाकून बघ.”

मी वाकलो. काउचच्या पोटाला चिकटपट्टीने पुडी चिकटवलेली.

“मॅडम, लिंबू.”

“काय?”

“लिंबू. मिरच्यापण आहेत.”

मशीन चालवणारे यादगिरी अण्णा एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

“यादगिरी!”

“मशीन कू नजर लगी थी मॅडम. कित्ता बार बंद पडी!”

“म्हणून काउचखाली?”

“दरवाजे पे लटकाए तो आप चिल्लाते ना.”

“लावलं कधी?”

“आज सुबह. इंजिनियर गया, उसके बाद.”

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. नशीब, दुरुस्तीनंतर अजून एकही पेशंट घेतला नव्हता. श्वास परत आल्यावर म्हणाल्या, “अहो, लिंबू म्हणजे नुसतं पाणी! किरण अडणारच. काउच किती जाड ते कॉम्प्युटरला सांगितलंय. लिंबाचं कोण सांगणार?”

“तो बोल देव ना मॅडम, कंप्यूटर में निंबू भी डाल देव.”

मॅडमनी ओठ घट्ट दाबले. खांदे मात्र हलत होते.

पुडी काढली, पुन्हा मोजलं. आकडे जुळले. नरसम्माला आत घेतलं, नीट झोपवलं, आम्ही सगळे बाहेर कंट्रोल रूममध्ये आलो. मॅडमनी मान डोलावली, अण्णांनी बटण दाबलं.

स्क्रीनवर लाल अक्षरं. मशीन ढिम्म.

अण्णांनी काढून ठेवलेल्या लिंबाकडे बघितलं, मग मॅडमकडे. मी मशीनच्या खोलीचं दार बघितलं, बोटभर उघडं राहिलेलं; ते लागल्याशिवाय किरण सुटत नाहीत. ढकलून लावलं, अण्णांनी परत बटण दाबलं आणि किरण सुरू झाले. नरसम्माचा पहिला डोस पार पडला.

मग मॅडम माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, “उद्या येताना एक लिंबू आण. कंट्रोल रूमच्या दाराला बांध. बाहेरून.”

माझं शिक्षण कमी, पण एवढं समजलं: कॉम्प्युटरला आपण सांगू तेवढंच ठाऊक असतं. बाकीचं वाकून बघावं लागतं.