बूट पिशवीतच राहिले

माझी शाळा तिसरीपर्यंतची. बास्केटबॉलमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो. पण नातीचा खेळ मी कधी चुकवला नाही. गावच्या शाळेच्या मुरमाड मैदानावर ती पळायची आणि मी कडेला लिंबाखाली बसून ओरडायचो. दहावीच्या पुढं आमच्या गावात वर्ग नाहीत, म्हणून त्या सालची धाराशिवची मॅच ही तिची शेवटचीच. तिथं चांगलं खेळली असती तर जिल्ह्याच्या संघात नाव लागणार होतं.

मॅच नेमकी नवरात्रात आली. आमच्याकडं घट बसले की कितीतरी माणसं पायताण सोडतात, ते दसऱ्यापर्यंत. पोरीनंही सोडलं होतं. उन्हाळ्यात सोलापूरला माझ्या काळजात स्प्रिंग बसवली, तेव्हा ती तुळजाभवानीला बोलून बसली होती, की आबा चालत घरी आले तर नवरात्रात अनवाणी राहीन. मला हे कळलं घट बसल्यावर. तरी तिचे बूट मी पिशवीत घालून नेले.

मॅचच्या आधी पंच पोरींना ओळीत उभं करून बघू लागले. तिशीतला मास्तर, गळ्यात शिट्टी. बांगड्या काढायला लावल्या, कानातलं काढायला लावलं, मग एकेकीची नखं बघितली. बाजारात बैलाचे दात बघतात तसं चाललंय, असं शेजारच्याला म्हणून मी हसलो. नातीचा नंबर आला आणि हसणं थांबलं. बुटाशिवाय मैदानात घेता येणार नाही, असं पंचांनी सांगितलं.

मी उठून गेलो. बांगडी फुटून दुसरीला लागंल, नख ओरबाडंल, हे मला पटत होतं. उघडा पाय कुणाचं काय बिघडवतो, लागलं तर तिचंच लागंल, असं मी म्हणालो. तिचंच लागू नये म्हणूनच नियम आहे, असं ते म्हणाले. मी आवाज चढवला, देवीला मधे आणलं. तेव्हा ते जवळ येऊन हळूच बोलले.

"बाबा, मी पण घरनं अनवाणीच आलोय. हे बूट मैदानापुरते."

मी पोरीकडं गेलो, पिशवीतले बूट काढले.

"घाल माय. पंच बी घालतेत की."

"त्यांनी काय मागितलंय मला ठाऊक न्हाय, आबा. म्या तुम्हाला मागितलंय."

"मग हाय की म्या. चांगला धडधाकट हाय."

"म्हणूनच घालत न्हाय."

हट्ट माझाच. तिच्या बापाला वगळून तिच्यात उतरलाय. मी परत पंचांकडं गेलो आणि हात जोडले. असे हात मी तहसीलदारापुढंही कधी जोडले नव्हते. त्यांनी माझे हात धरून खाली घेतले आणि नाही म्हणून मान हलवली.

पोर सगळी मॅच बाकावर बसून राहिली. शाळा हरली, संघात नाव लागलं नाही. निघताना पंच दिसले. त्यांनी बूट काढून मोटरसायकलच्या हँडलला अडकवले होते आणि तापल्या डांबरावर पाय टेकवत गाडी वळवत होते. या माणसाला शिव्या द्यायचं मी मनात धरलं होतं, त्या काही तोंडातून आल्या नाहीत.

पायापुरती त्यांनी डोळेझाक करायला पाहिजे होती, असं मला अजून वाटतं. पण त्याच मॅचमधे एका पोरीचा पाय दुसरीखाली चेंगरला होता, आणि बूट होता म्हणून ती उठून पळाली, हेही मी बघितलंय. दोन्ही खरं. माझ्या जगण्यापायी पोरीचा खेळ गेला, एवढंच मला गिळता येत नाही.

आता ती बार्शीला कॉलेजात जाते. तिथं मुलींचा बास्केटबॉल नाही. दिवाळीत आली तेव्हा ते बूट घालून, चेंडू घेऊन मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेली. माझ्यापुढं ताठ उभी राहिली, दोन्ही हात पुढं केले.

"पंच व्हा, आबा. बघा नखं."

बघितली. चांगली वाढवली होती, लाल रंगही लावला होता.

"काप," मी म्हणालो. "न्हायतर मैदानात घेणार न्हाय."

ती हसली आणि चेंडू घेऊन पळाली.