परकराची पिशवी

पत्रक माझंच होतं. "प्लॅस्टिक हटवा! जुन्या कपड्याची पिशवी शिवा! शिवणकाम येत नसलं तरी तासाभरात जमते!" तीन वाक्यं, तीन उद्गारचिन्हं. आणि मी आयुष्यात साधं बटणसुद्धा लावलेलं नव्हतं. नव्वदचं दशक संपत होतं, माझं कॉलेजही. लक्ष्मीपुरीच्या बाजारात गटारं क्यारीबॅगांनी तुंबलेली दिसली, की माझं डोकं सणकायचं.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना पत्रक दिलं. त्यांनी आधी माझ्या हातातला गठ्ठा न्याहाळला. छापखान्यानं तो क्यारीबॅगेत घालून दिला होता.

"तू शिवलीयास का एक तरी?"

"उद्या शिवणार आहे."

"मग उद्याच आण. तीन किलो कांदं घालतो. शिवण उसवली न्हाय, तर आठ दिवस हितं क्यारीबॅग दिसायची न्हाय. उसवली, तर हे समदे कागद माझं. मिरच्या बांधायला!"

माझी पत्रकं, मिरच्यांना! रागानं घरी आले आणि आईचा विरलेला परकर मागून घेतला. परकर म्हणजे अर्धी पिशवीच. तोंड तयार, नेफा तयार, त्यात नाडी तयार. खालचा घेर तेवढा शिवून बंद करायचा. दुहेरी दोरा ओवला, मांडीवर घेऊन जवळजवळ टाके घातले, दातानं दोरा तोडला आणि "जिंकले!" म्हणत उठले. पिशवीही माझ्याबरोबर उठली. मी ती कुर्त्यालाच शिवली होती. आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. सगळं उसवलं, पुन्हा शिवलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पिशवी भर बाजारात उंच धरली. "अगं बया, हा तर परकर की!"

शेजारचा लसूणवाला तोंड फिरवून हसायला लागला.

"परकरच आहे!" मी ओरडले. "लाज गटार तुंबवणाऱ्यांना वाटू दे!"

तीन किलो कांदे आत गेले. मावशींनी नाडी धरून पिशवी झुलवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नाडीचं एक टोक नेफ्यात शिरलं, नाडी सर्रकन बाहेर आली आणि कांदे हातगाडीखाली, स्कूटरखाली, चारी दिशांना पळाले. मी त्यांच्यामागं.

"हरलीस! आण कागद!"

"पैज शिवणीवर होती, मावशी! उसवलीय का?"

लसूणवाल्यानं पिशवी उलटी करून टाका न् टाका ओढून बघितला. "शिवण शाबूत हाय. नाडी गेली नुसती."

"नाडीच्या टोकांची आधी गाठ मारायची असती," मावशी म्हणाल्या. "एवढं बी कळंना व्हय? कुणी ल्हिलंय हे कागदावर?"

लिहिलं मी, पण मंजूर केलं आमच्या प्लॅस्टिकविरोधी गटाच्या नऊ कार्यकर्त्यांनी. तीन बैठका नुसत्या शब्दांवर! त्यात लेंगा घालणारे चार होते. एकालाही गाठ आठवली नाही, कारण त्यांच्या नाड्या कायम घरातल्या बायकांनी ओवलेल्या. आणि मी तरी काय, माझ्या सलवारीची नाडी आईच ओवायची.

मावशींनी मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली, नाडीला टोचून नेफ्यातून भराभर फिरवली आणि टोकांची गच्च गाठ मारली. तेवढ्यात जयसिंगपूरची गाडी पकडायच्या घाईतला एक टोपीवाला आला. "दोन किलो वांगी. क्यारीबॅगेत घाला."

मावशींनी माझ्याकडं बघितलं.

"क्यारीबॅग बंद हाय, पावणं. आठ दिवस."

"मग न्हेऊ कशात?"

"परकरात."

सगळा बाजार थांबून बघत होता. "धुतलेला हाय न्हवं?" त्यानं विचारलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि तरातरा स्टँडकडं निघाला. मी त्याच्यामागून घोषणाच दिली. लसूणवाल्यानंही दिली!

मग मावशींच्या शेजारी पोत्यावर बसून मी एकेका पत्रकावर पेनानं लिहायला लागले : "आधी नाडीला गाठ मारा!"

"ही शेवटची काडी कशाला?" मावशींनी विचारलं.

"ठणकावून सांगायचं असलं की देतात."

"मग दोन दे."