बॉलपेनची मिशी

माझ्याकडे ड्रॅगनच्या राज्याची एक इंग्रजी चित्रकादंबरी आहे. तिच्यात ड्रॅगनची खोगिरं शिवणारी एक बाई आहे आणि सीमेवर पहारा देणारी दुसरी. पुस्तकाच्या मध्यावर त्या दोघींचं लग्न होतं. मला आवडतं ते त्यानंतरचं पान. पहारेकरीण चिलखत काढून बसलीय, दुसरी तिची वेणी सोडतेय, आणि आज भांडी कुणी घासायची यावरून दोघींचं भांडण चाललंय. कुणी मरत नाही. कुणाला शिक्षा होत नाही. आता पुस्तक हातात घेतलं की आपोआप तेच पान उघडतं.

हे पुस्तक मी कुणाला दिलं नव्हतं. पण नऊ वर्षांच्या भाचीने ड्रॅगन बघून मागितलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

महिन्याभराने सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, भावाच्या फ्लॅटवर गेले. पुस्तक उघडलं, तर पहारेकरणीला मिशी. निळ्या बॉलपेनची, टोकं वर वळवलेली. प्रत्येक पानावर. गर्दीच्या चित्रात तिचा चेहरा तांदळाएवढा आहे, तिथेसुद्धा.

"चित्रं लई छान आहेत की," वहिनी चहा देत म्हणाली. "पोरगी सारखं तेच घेऊन बसती. म्हणून तेवढं नीट केलं."

"तुझ्या वहिनीचं ड्रॉइंग पहिल्यापासून चांगलं," भाऊ मॅच बघत म्हणाला. "वेणी तेवढी कापायची राहिली."

दोघं हसले. त्याच पुस्तकात तलवारीने उडवलेली मुंडकी आहेत. त्यांना पेन लागलं नव्हतं. म्हणजे वहिनीने सगळं वाचलं होतं, आणि त्या दोघी एकमेकींच्या कोण हे तिला बरोबर समजलं होतं. घरात कुणाला समजलं तर काय होईल, याची मी कित्येक वर्षं कल्पना करत होते. हे असं होतं तर.

"आत्या, कव्हरवर हिला मिशी नाही," भाची म्हणाली. गुळगुळीत कव्हरवर पेन उमटलं नसणार.

"ती तिची बहीण असंल," वहिनी म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "ती तीच आहे. मिशी तुझ्या आईने काढलीय. त्या दोघी बायका आहेत आणि त्यांचं लग्न झालंय."

भावाने टीव्हीचा आवाज वाढवला.

"तुला एवढं का लागलं गं?" वहिनीने विचारलं. ती आता हसत नव्हती.

पुस्तक खराब केलं म्हणून, असं सांगून सुटता आलं असतं. ते वाक्य जिभेवर तयारही होतं. एरवी माझी अशी वाक्यं तयारच असतात.

"मला ती तशीच हवी होती," मी म्हणाले. "बाईच."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मीही नजर खाली घेतली नाही. भाचीने कंपासमधून खोडरबर आणला आणि मिशी घासायला लागली. शाई पसरली, पहारेकरणीचं अर्धं तोंड निळं झालं, कागद फाटायला आला. मी तिला थांबवलं नाही.