साडेबहात्तर मुठी

२६ जुलै १९८७, रविवार. जागा माझ्या थोरल्या भावाच्या घराचा ओटा. रक्कम पाचशे एक रुपये, दंडाची. हजर होते आमच्या भाऊबंदकीतले अकरा कर्ते पुरुष आणि बारावा मी, मांडीवर वही घेऊन. दंड झाला तो माझ्या चुलतभावाला. तो खांबाला टेकून उभा होता. त्याला कोणी बस म्हटले नव्हते.

आमचे गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. मी तेव्हा पाचोऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो, रोज एस.टी.ने जाऊन येऊन करत असे. हिशोबाची सवय असल्यामुळे भाऊबंदकीची वही माझ्याकडे होती. हा चुलतभाऊ गावात शिलाई मशीन चालवायचा. सगळे त्याला टेलर म्हणत, घरातलेसुद्धा. शर्टाची शिलाई तो बारा रुपये घेई. म्हणजे दंडाची रक्कम एक्केचाळीस शर्ट आणि वर नऊ रुपये, हे मी त्याच वेळी मनात मांडून पाहिले होते.

त्याच उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली होती. आमच्या वॉर्डात दोन उमेदवार होते. एक माझा थोरला भाऊ. त्याला सगळे भाऊच म्हणत, मीही. दुसरे बौद्धवाड्यातले एक गृहस्थ. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून नोकरी करून ते गावी परतले होते. गाव त्यांना चेष्टेने डाक्टर म्हणे. पुढे चेष्टा गेली आणि नाव राहिले. डाक्टरआबांचे मागणे एकच होते, गावात उपकेंद्राची एक खोली आणि आठवड्यातून एकदा नर्स. भाऊचेही मागणे एकच, आमच्या खानदेशी देवीचा, कानबाईचा सभामंडप.

भाऊने हे मतांसाठी काढले असे कोणी म्हटले तर मी ते आजही मान्य करणार नाही. १९७९ साली त्याच्या मुलाला गोवर निघाली होती. आमच्याकडे त्याला माता आली म्हणतात. घरात फोडणी बंद, औषध बंद, दाराला लिंबाचा टहाळा. मूल आठ दिवस डोळे उघडत नव्हते. भाऊ देव्हाऱ्यासमोर बसून राहिला आणि सभामंडपाचा नवस बोलला. मुलगा उठला. त्या दिवसापासून भाऊला ग्रामपंचायत, आमदार, सरकार या सगळ्यांचा उपयोग एकच वाटे, नवस फिटणे.

१९८५ साली माझ्या मुलीला गोवर निघाली. ती चार वर्षांची होती. तेच घर, तोच टहाळा. तिसऱ्या दिवशी डाक्टरआबा ओट्याच्या खाली येऊन उभे राहिले. म्हणाले, "पोरीचा श्वास रस्त्यावर ऐकू येतोय. गोवर छातीत उतरली आहे. आत्ता पाचोऱ्याला न्या." भाऊ म्हणाला, "माता घरात आहे. औषधाचा वास चालायचा नाही." ते दुपारी पुन्हा आले. भाऊने तेच सांगितले. मी दोन्ही वेळा दाराच्या आत उभा होतो आणि काही बोललो नाही. बायको माझ्या तोंडाकडे पाहत होती. पाचव्या दिवशी सकाळी मुलगी गेली. पाचोरा आमच्या गावापासून बावीस किलोमीटर आहे.

आमच्यातला कोणी नास्तिक झाला नाही. भाऊचा मुलगा जगला म्हणून भाऊ देवीचा झाला. माझी मुलगी गेली म्हणून मी देवीचा राहिलो नाही असे नाही, मी आजही हात जोडतो. पण कोणाला निवडून द्यावे याचे माझे उत्तर त्या पाच दिवसांत ठरले. आजार त्यालाही तोच दिसला आणि मलाही तोच.

निवडणुकीआधी भाऊने शपथ घ्यायला लावली. भाऊबंदकीची एकोणीस घरे, चौसष्ट मतदार. कानबाईचा पूर्वापार चालत आलेला नारळ, त्याला डोळे लावलेले, नथ घातलेली, तो भाऊच्या देव्हाऱ्यात लाल कापडात असतो. एकेकाने पुढे यायचे, नारळाला हात लावायचा आणि मत भाऊला म्हणायचे. मी नावापुढे खूण करत होतो. त्रेसष्ट खुणा झाल्या. शेवटी वही खाली ठेवून मीही हात लावला. नारळ वाळून इतका हलका झाला होता की हात लावताच डोलला.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या आडोशाला, मी शिक्का डाक्टरआबांच्या चिन्हावर मारला.

निकाल त्यांना चौसष्ट, भाऊला त्रेसष्ट. बाहेरचे एकही मत भाऊला नव्हते आणि आतले एक फुटले होते. ते फुटले नसते तर भाऊ एका मताने आला असता. असले गणित करायला वही लागत नाही, त्या रविवारी ओट्यावरच्या प्रत्येकाने ते केले होते. तरी भाऊ मलाच म्हणाला, "नाना, तू हिशोबना माणूस शे. वहीमा देख आनि सांग, कोनं मत फुटनं?"

"वहीमा ते दिसत नही, भाऊ."

एवढेच मी बोललो. ते खोटे नव्हते.

मग सगळ्यांच्या नजरा टेलरकडे गेल्या, कारण तो डाक्टरआबांकडे जाऊन बसत असे. एका म्हाताऱ्या काकांनी विचारले, "त्यानाकडे चहा पेवाले कसाले जास रे?"

"त्याना चहामा साखर ऱ्हास, काका. तुमना चहामा नुस्ता सल्ला ऱ्हास."

दोघेतिघे हसले. भाऊ हसला नाही. टेलरच्या ते ध्यानात आले. तो खांबापासून सरळ झाला. "भाऊ, मी मत तुलेच दिधं. नारयले हात लावेल शे मी. मी काय देवीले फसाडसू?"

"मंग कोनं फुटनं?"

"माले काय माहीत? पन मन्हं नही."

म्हाताऱ्यांनी दंड ठरवला. पाचशे एक रुपये कानबाईच्या पेटीत भरायचे. भरेपर्यंत त्याच्या घरची मूठ घ्यायची नाही. टेलर म्हणाला, "पाचशे एक? इतलामा मी बठ्ठी भाऊबंदकीले सदरा शिवी दिसू. पन दंड म्हनीसन एक पैसा देवाव नही." हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्या बाजूने एखादा शब्द बोलेन असे त्याला वाटले असावे. लहानपणी आम्ही एकाच अंथरुणात झोपत होतो. मी वहीत तारीख लिहिली.

मूठ म्हणजे काय ते सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, धान्य मोजून घ्यायचे असते. भाऊबंदकीत जितके पुरुष, तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत, तितक्या वेळा सव्वा मूठ. ज्याच्या नावाची मूठ पडली तो आपला. ते रोट बाहेरच्याला देत नाहीत. आदल्या वर्षी आम्ही साठ होतो, पंचाहत्तर मुठी झाल्या होत्या. त्या वर्षी टेलर आणि त्याचा पाच वर्षांचा मुलगा कमी झाले. अठ्ठावन्न जण, साडेबहात्तर मुठी. अर्धी मूठ धान्य हातात घेऊन ती पुरेशी अर्धी आहे का हे मी दोनदा पाहिले. मुलींची मूठ नसते. माझी मुलगी त्या मोजणीत कधीच नव्हती, मतदारयादीत तर नव्हतीच.

रोटांच्या दिवशी टेलरचा मुलगा भाऊच्या दारासमोर खेळत आला. त्याला बायकांनी हळूच मागे फिरवले. दिवाळीच्या आत टेलरने मशीन विकले आणि बायकोमुलाला घेऊन सुरतेला गेला. जाताना तो माझ्या घरी आला, चहा प्यायला. म्हणाला, "नाना, तू ते वही नीट तपासजो. कुठे तरी चूक शे." मी हो म्हणालो.

उपकेंद्राची खोली दोन वर्षांनी झाली. मंगळवारी नर्स येऊ लागली, मुलांना गोवरची लस मिळू लागली. मी मंगळवारी मुद्दाम त्या रस्त्याने बसस्टँडवर जात असे आणि बाहेर उभ्या बायका मोजत असे. कधी नऊ, कधी चौदा. माझे मत बरोबर होते, हे मला दर मंगळवारी दिसत होते. त्याची किंमत टेलर देत होता, हेही मला ठाऊक होते. या दोन रकमा मी कधी समोरासमोर मांडल्या नाहीत.

१९९४ च्या उन्हाळ्यात सुरतेहून पोस्टकार्ड आले. टेलर काविळीने गेला. वय चाळीसच्या आत.

आता भाऊबंदकीपुढे प्रश्न उभा राहिला, सुतक धरायचे की नाही. मूठ बंद असलेला माणूस आपला की परका? म्हातारे दोन्ही बाजूंनी बोलत होते. भाऊ उठून आत गेला आणि पैसे घेऊन आला. कानबाईच्या पेटीत पाचशे एक टाकले. मला म्हणाला, "टेलरना नाववर जमा कर." त्याचे डोळे भरलेले होते. वाद मिटला, दहा दिवस सुतक धरले गेले, भाऊने डोके भादरले. सगळे म्हणाले, भाऊचे मन मोठे. खरोखरच होते.

पण दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल झाला. सात वर्षे जे टेलरने कबूल केले नाही ते त्याच्या मरणानंतर त्याच्या नावावर जमा झाले, आणि ते जमा करणारे अक्षर माझे होते.

श्रावणात त्याची बायको मुलाला घेऊन गावी आली. मूठ मोजण्याचा दिवस होता. मुलगा बारा वर्षांचा, बापासारखाच कान पुढे आलेला. ते म्हातारे काका अजून होते. मायेने म्हणाले, "ये वं माय. तुमना दंड भराई गया, आते काही अडचन नही. पोऱ्यानी मूठ पडी."

ती उभीच राहिली. "कोनी भरा?"

"भाऊनी भरा. त्याना नाववर."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ भाऊकडे वळली. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही. ती बोलली. "मरताना बी त्या म्हनेत, मी भाऊलेच मत दिधं. दवाखानामा, बठ्ठासनी समोर. आनि तुम्ही कोनाले इचारीसन त्यासले चोर कयं?"

 भाऊला वाटत होते त्याने चांगले केले. तो इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी वही बंद केली. म्हणालो, "मत मन्हं फुटनं व्हतं."

सुपाने धान्य पाखडणाऱ्या बायका थांबल्या.   भाऊ म्हणाला, "पोरकरता?"

"हो."

तो खाली बसला. "माले सांगाना व्हतं, नाना. तवयबी तू बोलना नहीस. दारमा उभा ऱ्हायना. तू एक शब्द बोलना असता, ते मी गाडी जुपी देतू."

नऊ वर्षे मी मुलीचे मरण भाऊच्या देवीच्या खात्यावर मांडत आलो होतो. त्या मांडणीवर माझे मत उभे होते. उपकेंद्र हवे हे माझे मत आजही तेच आहे, त्यात बदल नाही. पण भाऊने खरेच गाडी जुंपली असती का, हे मी कधी विचारलेच नव्हते. आणि आता ते कळायला मार्ग नाही.

टेलरची बायको माझ्याकडे आली. मी मान वर केली नाही. "तुमना घर त्या चहा पेवाले येल व्हतात," एवढेच ती म्हणाली.

त्या दिवसाचा भरणा असा. पाचशे एक रुपये मी कानबाईच्या पेटीत भरले, माझ्या नावाने, शपथ मोडल्याबद्दल. टेलरच्या नावावरची नोंद आडवी रेघ मारून रद्द केली आणि बारा जणांच्या सह्या घेतल्या, त्यातले चार अंगठे. भाऊचे पाचशे एक त्याला परत दिले. ते त्याने टेलरच्या बायकोपुढे ठेवले, त्यावर मीही तितकेच ठेवले. तिने दोन्ही घेतले नाहीत. ओट्यावर नोटा तशाच राहिल्या, वारा येईल म्हणून कोणीतरी त्यावर अडकित्ता ठेवला.

मुलाची मूठ मी आमच्या कोठीतून घालू लागलो तर तिने माझा हात थांबवला. पिशवीतून सुरतेचे गहू काढले आणि सुपात स्वतः मोजून टाकले. सव्वा मूठ मुलाची. मग थोडे थांबून आणखी सव्वा मूठ, त्याची. मेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत. म्हाताऱ्यांनी पाहिले, भाऊने पाहिले. मी वहीत दोन्ही मांडल्या.