कमरेची किल्ली

आमच्या ह्यांना सगळे 'दांडेवाले' म्हणतात. नदीवर सातशे वर्षांचा दगडी पूल आहे, सरकारने जपलेला. त्यावरून फक्त पायी जायचं, चाक कुठलंच चालत नाही. तोंडाशी लोखंडी दांडा आहे आणि त्याच्या कुलपाची किल्ली ह्यांच्या कमरेला. अठ्ठावीस वर्षं झाली, झोपतानाही काढत नाहीत. माझ्यापेक्षा तीच लाडकी, असं मी तोंडावर ऐकवते. हे नुसते हसतात.

गेल्या महिन्यात लेकीने पलीकडच्या काठावर शिवणाचं दुकान घेतलं. उद्या उघडायचं, आणि आज टेम्पो दांड्यासमोर उभा. आत दोन मशीन, कपाटाचे सुटे भाग, कापड बेतायचं हे भलंमोठं टेबल. नवा पूल नेमका दुरुस्तीसाठी बंद.

"बाबा, एकदाच उघडा. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," हे म्हणाले.

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग माझ्या दुकानाची पायरीसुद्धा चढू नका."

माझंही डोकं फिरलं. पोटच्या पोरीपेक्षा दगड मोठे झाले का, म्हणून मी चांगलं फैलावर घेतलं. ह्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, टेबल खांद्यावर घेतलं आणि चालायला लागले. साठीला टेकलेला माणूस! ड्रायव्हर कुरकुरत मशीन घेऊन मागे, त्याच्यामागे मी सुयादोऱ्यांची खोकी घेऊन. मधल्या कमानीला चढ आहे, तिथे हे दोनदा टेकले.

सात फेऱ्या झाल्या. दर वेळी सामान पायरीशी ठेवायचे आणि मागे फिरायचे, आत पाऊल नाही. लेक मुकाट्याने ओढून घ्यायची. दोघंही सारखीच हट्टी, मला काही नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. हे दांड्यापाशी स्टुलावर, नजर सारखी पलीकडे. मला फार वाईट वाटत होतं. दुपारी लेक गळ्यात टेप अडकवून पूल ओलांडून आली.

"उठा. हा शर्ट पार विटलाय. नवा शिवते."

खांद्याला टेप लावताच हे कळवळले. तिने कॉलर बाजूला केली. खांदा सोलवटून काळानिळा पडला होता. तिने मग हलक्या हाताने कॉलर नीट केली, टेप गुंडाळला.

"सुजेवर माप चुकतं. सूज उतरली की दुकानात या. टेबलापाशी नीट माप घेते."

ह्यांनी उगाचच कुलूप ओढून बघितलं.

"संध्याकाळपर्यंत उतरली तर चालेल?"